पाण्याला हात लावायचा नाही

बॉनेटच्या फटीतून वाफ वर आली तेव्हा सिग्नल लाल होता, ऊन टाळूवर होतं आणि सासरे म्हणाले, "धुकं आहे."

त्यानं बाहेर पाहिलं. फूटपाथवरून एक माणूस डोक्यावर वर्तमानपत्र धरून चालला होता, डांबर इतकं मऊ झालं होतं की त्यात चपलांचे ठसे उमटत होते, आणि साऱ्या शहरात धुकं फक्त एकाच गाडीवर पडलं होतं, तेही आतून. समोरचा तापमानाचा काटा लाल पट्टी ओलांडून पलीकडे, जिथे गाडी बनवणाऱ्यांनीही काही लिहून ठेवलं नव्हतं अशा जागी जाऊन टेकला होता. मागच्या सीटवर बायको तिरकी बसली होती, कारण सरळ बसणं तिला हल्ली जमत नव्हतं. तिच्या मांडीवर तपासणीची फाइल होती आणि फाइलीत सगळं ठीक होतं. "काटा वर गेलाय," तो म्हणाला. "काटा खोटा आहे," सासरे म्हणाले. "आपल्याला काट्यांचा अनुभव नाही, जावईबापू. मला आहे." हे मात्र खरं होतं. सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभी हयात त्यांनी दुकानदारांचे तराजू उलटे करून बघण्यात घालवली होती, आणि काट्यांबद्दल त्यांचं मत कोतवालाचं चोरांबद्दल असतं तसं झालं होतं. काटा काहीतरी सांगतोय म्हणजे त्यात लबाडी असणारच. भिंतीवरचं घड्याळ, रस्त्यावरची वजनाची यंत्रं, तापाच्या वेळी काखेत धरायची ती काचेची नळी, सगळ्यांकडे ते एकदा आडव्या नजरेनं बघत आणि मग स्वतःचा हात लावून काय ते ठरवत. हात खोटा बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मागच्या गाड्यांनी हॉर्न धरले होते. सासऱ्यांनी सावकाश हँडब्रेक ओढला, उतरले, बॉनेट उचलून दांडीवर टेकवलं, खिशातला रुमाल काढला, त्याची नीट चौकोनी घडी केली आणि ती रेडिएटरच्या झाकणावर ठेवली. तोही उतरला होता आणि दोन पावलं मागे उभा राहून हे बघत होता. त्याचं पोटापाण्याचं काम म्हणजे घरगुती यंत्रांबरोबर खोक्यात जी पातळ पुस्तिका येते, जी कोणीही वाचत नाही, ती लिहिणं. कुकर, इस्त्री, गीझर. आत वाफ कोंडलेली असताना झाकण उघडू नये, हे वाक्य त्यानं इतक्या तऱ्हांनी लिहिलं होतं की ते त्याच्या बोटांना पाठ झालं होतं. त्या चौकात, त्या घटकेला, हे वाक्य मोठ्यानं म्हणायला त्याच्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता. त्यानं ते म्हटलं नाही. रुमालावर सासऱ्यांची बोटं आवळली गेली आणि आपण श्वास रोखून धरलाय हे त्याच्या लक्षात आलं, झेल हवेत असताना सगळं मैदान रोखतं तसा. "बाबा, हात काढा तिथून," खिडकीतून अर्धी बाहेर येऊन बायको म्हणाली. सासऱ्यांनी हात काढला. झेल सुटला. मग ती त्याच्याकडे बघत राहिली, बराच वेळ, आणि तो रेडिएटरकडे बघत राहिला, जणू त्याला त्यातलं काही कळत होतं.

गाडी दोरीला बांधून ओढत आणावी लागली. ओढणाऱ्या टेम्पोवाल्यानं दारात दोर सोडता सोडता म्हटलं, "म्हातारी झाली, काका. सोडा आता." "कोण?" सासऱ्यांनी विचारलं, आणि असं विचारलं की टेम्पोवाल्यानं चहाला न थांबता टेम्पो वळवला. गाडी खरंच म्हातारी होती. बायको जन्मली तेव्हा दवाखान्यातून तिला याच गाडीनं घरी आणलं होतं, आणि सासूबाईंनी वाटभर तिला एका टॉवेलात धरलं होतं, ही गोष्ट त्या घरात इतक्या वेळा सांगितली जाई की तो टॉवेल आपणही पाहिलाय असं त्याला वाटू लागलं होतं. सासूबाई आता नव्हत्या. टॉवेलही नव्हता. गाडी होती, आणि सासऱ्यांनी ठरवून टाकलं होतं की वेळ येईल तेव्हा लेकीला दवाखान्यात तेच नेणार, याच गाडीनं. कोणी त्यांना विचारलं नव्हतं. त्यांनी जाहीर केलं होतं, सरकारी सुट्टी जाहीर करतात तसं. आणि त्यानं त्याच दिवशी मनाशी ठरवलं होतं की बाळंतपणाला बायको त्या डब्यात पाऊल टाकणार नाही. का, ते त्यानं स्वतःला विचारलं नव्हतं. सुरक्षितता हा शब्द त्याच्याजवळ कायम तयार असे, छापील, त्रिकोणी खुणेसकट.

त्या घरात तो चार दिवसांसाठी आला होता. भाड्याच्या खोलीची इमारत धोकादायक ठरली, जिन्याला दोऱ्या बांधल्या, आणि बायको म्हणाली, दुसरी जागा मिळेपर्यंत बाबांकडे राहू. ते चार दिवस अजून संपायचे होते. लोक घरजावई म्हणायला लागले होते, हळूच, आजाराचं नाव घ्यावं तसं. सासरे मात्र कधी एक शब्द वावगा बोलले नाहीत. तेच सहन होत नव्हतं. ते त्याला आपण म्हणत. आपण आज लवकर आलात. आपण दिवा चालू ठेवलात. आपण पुन्हा वाढून घेतलंत, छान, अंगी लागो. त्यांच्या खोलीत फळीवर पितळेची वजनं उतरत्या क्रमानं मांडलेली होती, आणि त्या दारावरून जाताना प्रत्येक वेळी त्याला वाटे, आपल्याला पारड्यात उचलून ठेवलंय आणि पलीकडच्या पारड्यात कुठलंसं फार छोटं वजन घातलंय, आणि तरी आपण वरच. त्याच्या स्वतःच्या घरी लहानपणी भांडण म्हणजे भांडण असे. वडील ताट सरकवत, आई दार आपटे, संध्याकाळपर्यंत सगळं विझे. इथे कोणी आवाज चढवत नव्हतं. इथे दार इतक्या हळू बंद होई की ते बंद झालंय हे त्यावर आदळल्यावरच कळे. सासऱ्यांना काय म्हणून हाक मारायची हेही त्याला आजवर ठरवता आलं नव्हतं. बाबा म्हणायला जीभ वळत नव्हती आणि दुसरं काही म्हणायला धीर होत नव्हता. त्यामुळे तो खोकत असे. घरात त्याला कायमची सर्दी आहे असा शेजाऱ्यांचा समज होता.

"आता ऐका दोघं," बायको त्या संध्याकाळी म्हणाली. ती पाय पाण्याच्या बादलीत सोडून बसली होती. "गाडीला काय झालंय ते त्या मेकॅनिककडून कळू दे. गाडी ठीक असली तर मी बाबांबरोबर जाईन. नसली तर टॅक्सी. मग गाडी भंगारात. तोवर मला कोणी काही समजवायला यायचं नाही." सासरे म्हणाले, "बाळ, अगदी न्यायाचं बोललीस." तो म्हणाला, "मला मान्य आहे." दोघं एकमेकांकडे बघून हसले. ते हसू बघून तिनं बादलीतले पाय बाहेर काढले आणि ओल्या पायांनी आत निघून गेली.

मेकॅनिकला सगळे 'बघतो' म्हणत, कारण काहीही विचारलं तरी तो 'बघतो' एवढंच म्हणे. त्याचं गॅरेज गल्लीच्या तोंडाशी, शटरचं, आत कायम काळोख आणि जळक्या तेलाचा वास. स्वभावानं तो कुरकुऱ्या होता आणि गाड्यांपेक्षा गाडीवाल्यांवर त्याचा राग जास्त होता. "चालत्या गाडीत काटा खाली येतो? की उभी राहिली की चढतो?" बघतोनं विचारलं. "उभी राहिली की चढतो," तो म्हणाला. "चढतच नाही," सासरे म्हणाले. "चढल्याचं दाखवतो." बघतोनं डोळे मिटून घेतले. "एकानं बोला. इंजिन एकच आहे." मग त्यानं पंखा फिरवून पाहिला, तो फिरत होता. पाइप हातानं दाबले, ते भक्कम होते. थर्मोस्टॅट, पाणी तापलं की उघडते ती झडप, काढला आणि चहाच्या पातेल्यात पाणी उकळून त्यात सोडला, आणि तिघं त्या पातेल्याभोवती उभे राहून तो उघडतो का बघत राहिले. उघडला. बघतोनं पातेलं विसळून त्यातच चहा टाकला. रेडिएटरच्या तोंडाला पंप लावून त्यानं हवा भरली, दाब धरून ठेवला, गाडीखाली पुठ्ठा सरकवला आणि वाट पाहिली. पुठ्ठा कोरडाच राहिला. "बघा," सासरे म्हणाले. "काटा." बघतोच्या कपाळाची शीर उडत होती. "बाहेरून दिसत नाही म्हणून गळत नाही असं नसतं," तो म्हणाला. "पाणी खुणेपर्यंत भरतो. त्यात औषध टाकतो. आठवडाभर चालवा. पण पाण्याला हात लावायचा नाही. घालायचं नाही, काढायचं नाही. मग मी सांगतो कुठून जातंय." त्यानं एका छोट्या बाटलीतून काहीतरी पिवळसर रेडिएटरमध्ये ओतलं, आणि ओतताना पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडा आनंद दिसला. बायको दाराशी स्टुलावर बसली होती. "मग नक्की कळेल?" तिनं विचारलं. "नक्की," बघतो म्हणाला. हे त्यानं आयुष्यात कोणाला सांगितलं असेल असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तो दाढीला पाणी घ्यायला उठला आणि मोरीच्या झरोक्यातून त्याला सासरे दिसले. बॉनेट उघडं होतं. एका हातात घरातला तांब्या होता, दुसऱ्या हातानं ते रेडिएटरचं तोंड चाचपत होते आणि पाणी इतक्या बारीक धारेनं ओतत होते की आवाज होऊ नये. मग त्यांनी झाकण लावलं, तांब्या सदऱ्याच्या टोकाला पुसला, बोट बुडवून पातळी बघितली होती ते बोट विजारीला पुसलं आणि समाधानानं आभाळाकडे पाहिलं. तोंडाला साबण लावलेला तो झरोक्यापाशी उभा होता. ओरडता आलं असतं. बायकोला उठवून दाखवता आलं असतं. पण बायकोला उठवलं असतं तर ती बाबांवर रागावली असती, बाबा पडेल चेहऱ्यानं म्हणाले असते, बाळ, चुकलं, आणि तिला त्यांची दया आली असती. पडेल चेहरा करण्यात सासऱ्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. तेव्हा त्यानं दाढी केली. नाश्त्याला तो म्हणाला, "गाडी काय म्हणते?" "पाणी जागचं हललं नाही," सासरे म्हणाले. "आपण बघून या हवं तर." "छे, तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," तो म्हणाला. संध्याकाळी कामावरून आल्यावर, सासरे फिरायला गेलेले असताना, तो गाडीखाली आडवा झाला, रेडिएटरच्या बुडाशी असलेली तोटी सैल केली आणि एक पेलाभर पाणी काढून गटारात ओतलं. हिरवट पाणी, गोडसर वासाचं. बोटं चिकट झाली. यात काही गैर नव्हतं. सासऱ्यांनी बिघडवलेला हिशेब तो फक्त जागेवर आणत होता. सत्य जिथे असायला हवं तिथे ते नेऊन ठेवणं, एवढंच.

मग तो नेमच झाला. उजाडताना तांब्या, दिवेलागणीला पेला. दोघांमध्ये जे काही बोलणं उरलं होतं ते आता त्या रेडिएटरमधूनच चालत होतं, आणि खरं तर इतका मनमोकळा संवाद त्यांच्यात कधी झाला नव्हता. सासऱ्यांनी एखाद्या दिवशी जास्त ओतलं की तो जास्त काढी. त्यानं जास्त काढलं की दुसऱ्या पहाटे तांब्या काठोकाठ भरलेला असे. ऑफिसात मिक्सरची पुस्तिका लिहिता लिहिता त्याला तोटीची आठवण येई, प्रेमात पडलेल्याला येते तशी, आणि तो घड्याळ बघे. गिरमिटासारखं एक सुख त्याच्या छातीत फिरत असे. सासऱ्यांच्या चेहऱ्यावरही तेज आलं होतं. ते पायऱ्या भराभर चढू लागले होते. बायको एकदा म्हणाली, "तुमचं हल्ली बरं जमतंय दोघांचं." ती हे चिडून म्हणाली की बरं वाटून, ते त्यानं पाहिलं नाही. तो हात धूत होता.

मधेच कधीतरी हिशेब चुकायला लागला. तांब्या पेल्यापेक्षा बराच मोठा होता, हे त्यानं एकदा पाण्यानं भरून स्वयंपाकघरात तपासून घेतलं होतं. म्हणजे पाणी वाढायला हवं होतं. ते घटत होतं. तोटी उघडली की धार दिवसेंदिवस बारीक येत होती. सासरे घालतात त्याहून कमी तो काढत होता, आणि तरी उरलेलं जात होतं, दोघांच्याही हाताबाहेर, तिसऱ्याच कुठल्यातरी वाटेनं. पुठ्ठा टाकून बघितला, कोरडा. सकाळी सासऱ्यांनी गाडी चालू केली की मागून पांढरा धूर येई, दाट, आणि त्याला तोच वास असे जो त्याच्या बोटांना होता. ऑफिसात त्यानं यावर पुष्कळ वाचून काढलं. पाणी बाहेर सांडत नसेल, धूर पांढरा आणि गोड असेल, तर ते इंजिनाच्या आत जाऊन जळतंय. दोन लोखंडी भागांमध्ये एक पातळ चकती असते, ती फाटली की आतल्या आत पाणी आगीत शिरतं. अशी गाडी चालते. काही दिवस छान चालते. मग एक दिवस रस्त्याच्या मधोमध कायमची थांबते. म्हणजे तो बरोबर होता. गाडी खरोखर आजारी होती, त्याच्या मदतीशिवाय. ही बातमी सांगायची जागा घरात होती, माणसंही होती. वेळ मात्र त्याला सापडेना, कारण सांगितलं की तोटी कशी काय उघडून पाहिलीस हेही सांगावं लागलं असतं. आणि दुसरं असं की मनात एक चित्र तयार झालं होतं आणि ते त्याला मोडवत नव्हतं. चित्रात गाडी चौकात उभी होती, बॉनेटमधून धूर निघत होता, सासरे हातात रुमाल घेऊन उभे होते, आणि तो हाताची घडी घालून म्हणत होता, काटा खोटा आहे, नाही का. हे वाक्य तो आंघोळ करताना निरनिराळ्या स्वरांत म्हणून बघे. चित्रात गाडी तिथे कशासाठी निघाली होती आणि मागच्या सीटवर कोण होतं, तिकडे तो बघत नसे. एकदा चुकून नजर गेली तेव्हा त्यानं अंगावर गार पाण्याचा तांब्या घेतला, आणि तांब्या तोच होता. संध्याकाळी तरीही तो गाडीखाली शिरला. गरज नव्हती. सवय लागली होती.

आठवडा सरला तेव्हा ते तिघं बघतोकडे गेले. बायको हट्टानं आली. "निकाल मी माझ्या कानांनी ऐकणार," ती म्हणाली, "तुमच्यातल्या कोणाच्या तोंडून नको." दुपार होती. बघतोनं तिला स्टूल दिलं, डोळ्यांवर पिवळ्या काचांचा चष्मा चढवला, खोक्यातून एक नवाकोरा दिवा काढला, तो हाताळताना लहान मूल हाताळावं तसं हाताळलं, आणि शटर खाली ओढलं. ट्यूब विझवली. काळोख इतका झाला की सासऱ्यांचा श्वास ऐकू आला. "औषध टाकलं होतं ना," बघतो काळोखात म्हणाला, "ते या दिव्याखाली चमकतं. जिथे जिथे पाणी लागलं असेल तिथे तिथे. धुतलं तरी जात नाही लवकर. आता बघा मजा." खटका वाजला आणि जांभळट उजेड पडला. सासऱ्यांचा पांढरा सदरा निळा पेटला. बघतोचे दात हवेत लटकले. इंजिन मात्र काळंच राहिलं. त्यानं पाइपांवरून दिवा फिरवला, पंपावरून, रेडिएटरच्या जाळीवरून. काही नाही. मग झाकणापाशी आला आणि थांबला. झाकण हिरवं जळत होतं, भोवती शिंतोडे, आणि शिंतोड्यांमध्ये बोटं. मग तो वाकला आणि खालच्या तोटीपाशी गेला. तोटीही हिरवी होती, चोळून चोळून हिरवी, आणि तिच्यावरही बोटं.

"वरून कोणीतरी ओतलंय," बघतो म्हणाला. "खालून कोणीतरी काढलंय."

बघतोनं दिवा सावकाश वर उचलला. सासऱ्यांचा उजवा हात मनगटापर्यंत उजळला, सदऱ्याचं टोक उजळलं, विजारीवर एक लांब बोट उमटलं. त्यांनी हात पाठीमागे नेला. मग उजेड त्याच्यावर आला. त्यानं स्वतःकडे पाहिलं. नखांच्या कडा, तळहाताच्या रेषा, कोपर, सगळं हिरवट पिवळ्या रंगानं पेटलं होतं. त्यानं नाक खाजवलं असणार केव्हातरी, कारण बघतो त्याच्या नाकाकडे बघून म्हणाला, "तिथेपण." मग बघतोला हसू फुटलं. ते हसू गाड्यांवर कधी येत नसे. "आठवडाभर," तो म्हणाला, "एक घालतोय आणि एक काढतोय. अरे, गळती तुम्हीच दोघं आहात की." "मी फक्त पातळी राखत होतो," सासरे म्हणाले. "मीपण," तो म्हणाला. आणि एवढ्या सगळ्यात दोघांचं एकमत झालेलं हे पहिलंच वाक्य.

बघतो मग हसायचा थांबला. त्यानं रेडिएटर भरला, झाकण उघडंच ठेवलं आणि इंजिन चालू केलं. "आता इथे बघा," तो म्हणाला. रेडिएटरच्या तोंडाशी पाणी स्थिर होतं. मग त्यात एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग ते थांबेनात, एकामागून एक, संथ, सोड्याच्या बाटलीसारखे, आणि मागून शटरच्या आत पांढरा गोड धूर भरू लागला. "हेड गॅस्केट," बघतोनं इंजिन बंद केलं. "आतली चकतीच फाटलीय. जुनंच दुखणं असणार. बाहेर एक थेंब नाही, सगळं आत जळत होतं. तुमच्या दोघांच्या वादात मला दिसलं नाही, नाहीतर त्याच दिवशी सांगितलं असतं. या गाडीत बाईमाणसाला बसवून लांब नेलं असतंत ना, तर गाडीनं रस्त्यातच सोडलं असतं तिला." त्यानं बॉनेट पाडलं. तो आवाज बराच वेळ घुमला.

त्यानं मान वर केली. चित्रातला क्षण आला होता. जवळजवळ तसाच, चौक तेवढा नव्हता. वाक्य तोंडाशी आलं होतं, आठवडाभर घासून गुळगुळीत केलेलं. पण बायको स्टुलावरून म्हणाली, "तो दिवा द्या जरा." बघतोनं दिला. तिनं तो स्वतःवर धरला. तिचा झगा गडद रंगाचा होता. डाव्या खांद्यावर हाताचा पंजा उमटलेला होता, पाची बोटं सुटी, मोठ्या, म्हाताऱ्या हाताचा. तिनं दिवा वर नेला, केसांतही तोच हिरवा रंग, भांगापासून मागे, थोपटल्यासारखा. "बाबा," ती म्हणाली, "रोज सकाळी डोक्यावर हात ठेवून काय म्हणत होतात मला?" सासऱ्यांनी दुसरा हातही पाठीमागे नेला. "गाडी ठणठणीत आहे म्हणत होतात."

मग तिनं दिवा खाली आणला. पोटावर. अगदी हळू, बघतोनं पाइपांवरून फिरवला होता तसा, एक बाजू, दुसरी बाजू, मग वरून खाली. बाही. मनगट. पदर नव्हता पण तिनं मांडीवरची घडीसुद्धा उलगडून पाहिली. तो बघत होता. आपण काय शोधतोय हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. एखादं बोट तरी. कुठेतरी बोटाचं टोक. या आठवड्यात एकदा ती म्हणाली होती, लवकर ये, हात ठेव, बघ कसं हलतंय, आणि तो म्हणाला होता, थांब, हात खराब आहेत. मग तो धुवायला गेला होता, आणि धुता धुता त्याला वाटलं होतं की तोटी नीट आवळलीये ना ते एकदा बघून यावं. झगा काळाच राहिला. ती दिवा फिरवत राहिली, गरज नसताना, आणि त्याला वाटलं, आता तिनं काही बोलावं. शिवी दिली तरी चालेल. तिनं खटका बंद केला.

"टॅक्सीनं जाईन," ती काळोखात म्हणाली.

तो जिंकला होता.

"एकटी," ती म्हणाली. "तुम्ही दोघं घरी थांबा आणि एकमेकांवर लक्ष ठेवा."

"बाळ, असं कसं, पहिली खेप आहे, बरोबर कोणी तरी..." सासरे म्हणाले, आणि त्याच वेळी त्यानंही तेच म्हणायला तोंड उघडलं होतं, त्यामुळे त्याला खोकावं लागलं. बघतोनं शटर वर ढकललं. दुपारचं ऊन धाडकन आत आलं आणि सगळं विझलं. सदरा सदऱ्यासारखा झाला, झगा झग्यासारखा. त्यानं हात उलटसुलट करून पाहिले. ते अगदी स्वच्छ होते. बायको स्टुलावरून उठायला गेली, एका दमात उठता येईना, पुन्हा टेकली. सासऱ्यांनी हात पुढे केला. त्यानंही केला. दोन हात तिच्यासमोर शेजारी शेजारी थांबले. तिनं दोन्हींकडे पाहिलं, मग बाजूला वळून बॉनेटवर तळवा टेकला आणि जोर देऊन उभी राहिली. पत्रा अजून गरम होता. तिनं हात काढला नाही, दम खाऊन होईपर्यंत तशीच उभी राहिली, आणि ते दोघं हात पुढे धरून तिथेच.